चार चिचोके अन् एक पुस्तक: लहान लेकरांसोबत रोज काय करायचं

आमच्याकडं लेकरू तीन वर्षांचं झालं की पाहुणे पहिले विचारतात, एबीसीडी येते का? अन् त्याच लेकराशी दिवसभर धड कोणी बोललेलं नसते, माय निंदायला, बाप वावरात अन् लेकराच्या हातात मोबाईल. मी कोणाला दोष देत नाही, निंदण सोडलं तर रोजी कोण देणार. पण 2020 च्या शैक्षणिक धोरणातही लिहिलंय की मेंदूची 85 टक्क्यांच्या वर वाढ 6 वर्षांच्या आत होते, म्हणजे पहिलीत नाव घालेपर्यंत बरंच काम होऊन गेलेलं असते.

हे काम होते कसं, तर लेकरू बोट दाखवते, आवाज काढते, आपण त्याला उत्तर देतो, मग ते परत काहीतरी करते. या देण्याघेण्यातून मेंदूतल्या पेशींची जोडणी पक्की होते अन् जी वापरात येत नाही ती गळते. धुऱ्यावरून रोज चाललं तर वाट पडते, नाही चाललं की गवत माजते, तसंच. मोबाईल एकटाच बोलत राहते, लेकराचं ऐकून काही उत्तर देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्येच सांगितलंय, 2 वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, पुढं 4 वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त 1 तास, अन् त्याहून कमी असला तर चांगलंच.

बाळ बोलत नसेल तेव्हापासून सुरू करा. भाकर टाकताना सांगा, हे पीठ, हे पाणी, आता तव्यावर टाकली बघ. अन् मग थांबा, मनात पाच मोजा. ते ऊं करते ना, तेच त्याचं उत्तर, त्यावर परत बोला. आपण थांबतच नाही, इथंच चुकते.

चार-पाच वर्षांच्या लेकरासाठी चौवाअष्टा हा सोंगट्यांचा खेळ मला सगळ्यात भारी वाटते. फरशीवर कोळशानं घरं आखा, दोन चिचोके फोडून चार फाका करा, पांढरी बाजू वर किती पडल्या ते मोजा अन् तेवढी घरं सोंगटी पुढं न्या, चारही पांढऱ्या म्हणजे चौवा, चारही काळ्या म्हणजे अष्टा. माझी लेक आधी आपली पाळी नसताना चिचोके उचलायची, तिचे आबाजी नुसता हात ठेवून म्हणायचे, "थांब, आता माह्यी पाळी हाय." पोळ्याला सुरू केलं होतं, दिवाळीपर्यंत तीच म्हणायला लागली, "आबाजी, तुमची पाळी हाय, टाका ना." मनाला आवर घालणं, आकडा लक्षात ठेवणं, कोणती सोंगटी पुढं न्यावी हा विचार, पुढं शाळेत हेच लागते. फक्त तीनच्या आतल्या पोट्ट्यांच्या हाती चिचोके देऊ नका, घशात अडकतात.

भुलाबाईत, म्हणजे आमच्याकडच्या पोरींच्या गाण्यांच्या सणात, पोरापोरी दोघांनाही बसवा. खिरापत ओळखताना डबा हलवून "गोड हाय का खारं, कोरडं हाय का ओलं" असं विचारतात ना, ते एकेक उत्तर घेऊन बाकीचं गाळत जाणं म्हणजे तर्कच आहे.

आता वाचन. लेकरू मांडीत, पुस्तक त्याच्या हाती, पानं त्यालाच उलटू द्या. माझ्या सासूबाईंना वाचता येत नाही, तरी त्या चित्रातली गाय दाखवून म्हणतात, "हे आपल्या कपिलीसारखीच दिसते, पण हे एकटी काऊन उभी असन, सांग बरं?" मग पोरगी दहा मिनिटं सांगत बसते. हे वाचनच आहे, आपल्या वऱ्हाडीत बोललं म्हणून काही बिघडत नाही. तीच गोष्ट विसाव्यांदा मागितली तरी कंटाळू नका, ओळीचा शेवटचा शब्द सोडा अन् त्याला भरू द्या. पुस्तकं नसतील तर अंगणवाडीत विचारा, स्टोरीवीव्हर या लेकरांच्या गोष्टींच्या साईटवर मराठी गोष्टी फुकट आहेत, मोठ्या पोरांसाठी बालभारतीच्या साईटवर 'किशोर' मासिकाचे जुने अंक आहेत, फोन मात्र आपल्या हातात ठेवून वाचून दाखवा.

कापूस वेचणीच्या दिवसांत एवढंही जमत नाही, तेव्हा झोपताना दहा मिनिटं एक गोष्ट, बस.

अन् दोन वर्षांचं लेकरू दोन शब्द जोडून बोलत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, तर "बोलेल उशिरा, बापही उशिराच बोलला" म्हणत बसू नका. अंगणवाडीत तपासणीची टीम वर्षातून दोनदा येते, तिला दाखवा, अन् ती यायला वेळ असेल तर सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या अन् कान तपासायचे आहेत म्हणून सांगा.