एकमेव छापचित्र घेताय? या चुका टाळा

फ्रेंच चित्रकाराचं रंगीत अमूर्त छापचित्र, खाली पेन्सिलीने सही, शेजारी 'एकमेव प्रत' असा शेरा, आणि किंमत त्याच्याच कॅनव्हासच्या मानाने किरकोळ. असं काही समोर आलं की बहुतेकांची नजर आधी रंगांवर जाते, मग सहीवर. 'एकमेव' म्हणजे नेमकं काय, हे विचारायचं राहून जातं. जादा पैसे तर त्याचेच मोजायचे असतात!

एकमेव छापचित्राचा सगळ्यात सरळ प्रकार म्हणजे मोनोटाइप. तांब्याच्या किंवा ॲक्रिलिकच्या गुळगुळीत प्लेटवर चित्रकार शाईने थेट रंगवतो, वर कागद ठेवून ती प्रेसमधून काढतो. प्लेटवर काही कोरलेलं नसल्याने पहिल्याच ठशात बरीचशी शाई निघून जाते. उरलेल्या शाईतून फार तर एखादा फिका ठसा मिळतो. फ्रेंच चित्रकार देगा अशा फिक्या ठशावर अनेकदा पेस्टल चढवायचा. १८९२ मध्ये पॅरिसला कलाविक्रेता द्युरां-रुएलच्या दालनात त्याने निसर्गदृश्यं मांडली, त्यातली बरीचशी तेलरंगी मोनोटाइपवर पेस्टल दिलेली होती, आणि काही तर जवळजवळ अमूर्तच आहेत. सांगायचं म्हणजे, 'एकमेव' चित्राला एक फिकं भावंड असू शकतं. ते निघालं होतं का आणि आता कुठे आहे, हे विक्रेत्याला सरळ विचारा.

दुसरी चूक अधिक महागात पडते. आवृत्तीतल्या, म्हणजे एकाच चित्राच्या ठरावीक प्रतींपैकी, एखाद्या लिथोग्राफवर (दगडावरून किंवा धातूच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्रावर) चित्रकाराने ब्रशचे चार फटकारे मारले की तीच प्रत 'एकमेव' म्हणून विकायला येते. हे खोटं नाही, पण ते मोनोटाइपही नाही. खालचं चित्र पन्नास-शंभर प्रतींत असेल, तर किंमत त्या हिशेबानेच व्हायला हवी. उलटही घडतं. एकाच प्लेटवर दर वेळी वेगळी शाई लावून काढलेल्या मालिकेवर ३/१० (दहापैकी तिसरी) असा क्रमांक असतो, तरी प्रत्येक ठसा निराळाच असतो. त्यामुळे नुसत्या क्रमांकावरून काहीच ठरवू नका. ई.ए. म्हणजे चित्रकाराने स्वतःसाठी राखलेली प्रत आणि एच.सी. म्हणजे विक्रीबाहेरची, या खुणा आवृत्तीतल्याच असतात. क्लोद वियालासारखा चित्रकार १९६६ पासून एकच आकार पुन्हा पुन्हा वापरत आला, तिथे नुसतं चित्र पाहून 'हे दुसरीकडे दिसलं होतं' किंवा 'हे वेगळंच आहे' म्हणणं व्यर्थ आहे. आपल्याकडेही जे.जे.त शिकून १९५० मध्ये पॅरिसला गेलेल्या चित्रकार रझांचे सेरीग्राफ (जाळीच्या पडद्यातून छापलेली चित्रं) बाजारात दिसतात. ते सही-क्रमांकाचे असले, तरी आवृत्तीतलेच.

दहापट मोठं दाखवणारं भिंग शंभर शब्दांच्या प्रमाणपत्रापेक्षा जास्त सांगतं. रंगाचा सपाट दिसणारा भाग बघा. निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके फुलासारखे गुंफलेले दिसले, तर ते ऑफसेट छपाईचं पोस्टर आहे, मग सही खरी का असेना. मोनोटाइपमध्ये ब्रशच्या केसांचे ओरखडे दिसतात, चिंधीने शाई पुसल्याच्या कडा दिसतात, दाबाने कडेला सरकलेल्या शाईची बारीक वरंबी दिसते. चित्राभोवती प्लेटने दाबलेली चौकट असली तरी हुरळून जाऊ नका, ती पोस्टरवरही वेगळी दाबून आणता येते. बीएफके रिव्ह किंवा आर्शसारख्या कागदाचा वॉटरमार्क उजेडासमोर धरून शोधा. तो सापडला म्हणून चित्र अस्सल ठरत नाही, पण स्वस्त चकचकीत कागद दिसला की प्रश्न मिटतो.

विक्रेता फ्रान्समधला असेल, तर आपल्या हातात एक चांगलं हत्यार आहे आणि लोक ते वापरतच नाहीत. ३ मार्च १९८१ च्या फ्रेंच हुकुमानुसार ग्राहकाने मागितल्यास व्यावसायिक विक्रेत्याला कलाकृतीचं स्वरूप, घडण, उगम आणि काळ नमूद केलेली पावती द्यावी लागते. चित्रकाराच्या नावाआधी 'पार' (ने) किंवा 'द' (चा) असेल तर कर्तृत्वाची हमी मिळते. 'द'आप्रे' (वरून) लिहिलं असेल तर अशी हमी नाही: मूळ चित्रावरून दुसऱ्या कुणी केलेली छपाई असू शकते, आणि खाली मूळ चित्रकाराची सहीही असू शकते. माझ्या मते तरी, पावतीवर 'मोनोटाइप, एकमेव ठसा' एवढं लिहून द्यायला जो कां-कूं करतो, त्याच्याकडून घेऊच नये. लिलावात घेत असाल तर हातोड्याच्या किमतीवर ग्राहकाचं शुल्कही पडतं, ते आधी जोडा. भारतात मागवताना कस्टम्सच्या वर्गवारीत मूळ छापचित्रं ९७०२ या क्रमांकाखाली येतात आणि छापील पोस्टरं ४९११ खाली. पार्सलच्या कागदावर आळसाने 'पोस्टर' लिहिलं की कस्टम्समध्ये घोळ सुरू.

घरी आल्यावरच्या चुका बहुधा फ्रेमवाल्याकडे होतात. 'बसत नाही' म्हणून तो कडा कापतो. कधी मागच्या बाजूला पुठ्ठ्यावर चिकटवून टाकतो. मोकळ्या कडा हा चित्राचाच भाग आहे हे त्याला आधीच बजावा. सेलोटेप नको. जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या वरच्या बाजूला गव्हाच्या खळीने लावल्या की पुरे. माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा पुठ्ठा, ॲसिडमुक्त हवा, नाहीतर काही वर्षांत चित्राभोवती तपकिरी पट्टा उमटतो. शाई काचेला टेकता कामा नये. कागदावरच्या कामासाठी संग्रहालयं साधारण ५० लक्स उजेड धरतात, म्हणजे खिडकीसमोरची भिंत बाद. मुंबईत किंवा कोकणात पावसाळी ओल धरणारी बाहेरची भिंतही नको. जागा नसेल तर फ्रेमच्या मागे कोपऱ्यांना छोटे रबरी ठोकळे लावून हवा खेळती ठेवा, आणि श्रावण सरला की एकदा मागची बाजू तपासा: बुरशीचे तपकिरी ठिपके आधी मागेच दिसतात.