तलंगा पेटीत अंडी घालत नाहीत? या चुका टाळा

पाच-सहा महिने जपून वाढवलेली तलंग, म्हणजे पहिल्यांदाच अंडी घालू लागणारी तरुण कोंबडी, अंड्यावर येते आणि तिचे पहिले अंडे सापडते ते गोठ्यातल्या गव्हाणीत, सरपणाच्या ढिगामागे किंवा थेट उसाच्या फडात, हा अनुभव सातारा-सांगलीकडे घरी दहा-वीस कोंबड्या पाळणाऱ्या बहुतेकांना आलेला असतो. दोष अर्थातच कोंबडीच्या माथी मारला जातो. वास्तविक पहिले अंडे घालण्याच्या आधी काही दिवस तलंग जागा शोधत फिरते, कोपरे हुंगल्यासारखी मान घालून पाहते आणि एखादी जागा मनात भरली की रोज तिथेच जाते. आपण पेटीचा विचार करू लागतो तो अंडे हरवल्यावर, आणि तोवर तिची निवड होऊन गेलेली असते.

पेटी उशिरा लावणे

पिंजऱ्यातल्या अंड्यांच्या संकरित जाती 18 ते 20 आठवड्यांत अंड्यावर येतात, गिरिराज किंवा वनराज यांसारख्या परसातल्या सुधारित जातींना साधारण साडेपाच ते सहा महिने लागतात, तर आपल्या गावरान तलंगा सहा-सात महिनेही घेतात. शासनाच्या तलंगा गट योजनेतून आठ ते दहा आठवड्यांचे पक्षी आणणाऱ्याच्या हातात म्हणजे निदान दोन-अडीच महिने असतात. अपेक्षित वयाच्या तीन आठवडे आधी पेट्या खुराड्यात बसवून त्यांची तोंडे उघडी ठेवावीत, म्हणजे तलंगांना त्या वस्तूची सवय होते. वयाची नोंद नसेल तर पक्ष्याकडे पाहावे: तुरा आणि गालाखालच्या लोंबत्या लाल होऊन फुगतात, पाठीवर हात ठेवताच तलंग पंख किंचित पसरून खाली बसते, आणि शेपटीखालची दोन हाडे, जी आधी एक बोटही मावू देत नाहीत, त्यांत दोन बोटे सहज बसतात. ही लक्षणे दिसल्यावर पेटीसाठी सुताराची वाट पाहत बसू नये. टोमॅटोचा प्लास्टिक क्रेट आडवा ठेवून त्यावर गोणपाट टाकले तरी काम भागते.

पेटी माणसाच्या सोयीने करणे

वाळवा तालुक्यातील आमच्या शेतात एका वर्षी ऊसतोड सुरू असताना लोळलेल्या उसाखाली अकरा अंडी सापडली. तोडणीवाल्या बाईंनी हाक मारली म्हणून मी ती जागा वाकून पाहिली. तीन बाजूंनी उसाचे बुडखे, वर पाल्याचे छत, खाली कोरडे पाचट आणि मधोमध कोंबडीच्या बैठकीएवढा, अगदी गोल, दाबून केलेला खळगा. त्याच वेळी घरी खुराड्यात आमची नवी कोरी फळीची पेटी रिकामी होती: पूर्वेकडे तोंड, सकाळचे ऊन थेट आत, आणि तळाला फळीवर अंथरलेले एकच पोते, जे पाय लागताच घसरत असे. कोंबडीने जे निवडले होते ते सगळे आमच्या पेटीत उलटे होते. त्या दिवसापासून पेटी बांधताना मी आधी तो खळगा आठवतो.

अंडे घालणारी कोंबडी अंधार, आडोसा आणि अंग टेकायला भिंत शोधते. म्हणून पेटी सुमारे 30 सेंटिमीटर लांब, तितकीच रुंद आणि 35 सेंटिमीटर उंच असावी. गिरिराजसारख्या अंगाने मोठ्या जातीला प्रत्येक बाजूने थोडे अधिक द्यावे, पण दोन कोंबड्या शेजारी बसतील इतके नाही, कारण तेथे ढकलाढकल होऊन अंडी फुटतात. चार-पाच कोंबड्यांमागे एक पेटी पुरते. सगळ्या जणी एकाच पेटीसमोर रांग लावतात आणि शेजारची पेटी ओस पडते, याची चिंता करू नये. तो त्यांचा स्वभाव आहे. तोंड उजेडाच्या आणि दाराच्या विरुद्ध दिशेला असावे, वरच्या अर्ध्या भागावर गोणपाटाचा पडदा सोडावा आणि उंबऱ्यावर चार इंचांची पट्टी ठोकावी, नाहीतर उकरताना अंथरूण बाहेर पडते.

अंथरूण निदान तीन इंच जाड हवे. पेटीत बसलेली कोंबडी चोचीने काड्या उचलून स्वतःच्या पाठीवर टाकते आणि छातीने खळगा करते; नुसत्या तुसात तिला हे नीट करता येत नाही. पाटण-शिराळ्याच्या भातपट्ट्यात पेंढा हाताशी असतो, बाकीच्यांनी कोरडे पाचट हातभर लांब न ठेवता तोडून वापरावे. मात्र पावसात भिजून बुरशी आलेले पाचट वाळवूनही घालू नये, कारण त्या बुरशीने कोंबड्यांची फुप्फुसे धरतात. माण किंवा जतकडे उन्हाळ्यात पेटी पत्र्याच्या भिंतीला चिकटवलेली असली तर दुपारपर्यंत तिची भट्टी होते आणि शहाणी कोंबडी केळीच्या बुंध्याखाली जाते. तिथे पेटी मातीच्या किंवा विटांच्या भिंतीकडे सरकवावी.

बसायची दांडी पेटीपेक्षा खाली ठेवणे

कोंबडी रात्री सर्वांत उंच जागी चढून झोपते. पेटी उंच आणि दांडी बुटकी असली तर ती पेटीतच झोपणार, रात्रभर विष्ठा टाकणार, आणि सकाळी त्या घाणीत बसायला तिलाच नको वाटणार. पेटी जमिनीपासून दीड-दोन फुटांवर आणि दांडी त्याहून निदान फूटभर वर असावी. तरुण पक्षी ऐकत नसतील तर दिवस मावळताना पेट्यांची तोंडे फळीने बंद करून पहाटे उघडावीत. हे आठवडाभर केले की पुरते.

उजाडताच सगळ्यांना सोडून देणे

बहुतेक अंडी उजाडल्यानंतरच्या पाच-सहा तासांत घातली जातात. एक अंडे तयार व्हायला 24 ते 26 तास लागत असल्यामुळे वेळ रोज थोडी पुढे सरकते, तरी दुपारनंतरची अंडी कमीच. म्हणून अंड्यावर आलेल्या तलंगा दहा-साडेदहापर्यंत खुराड्यातच ठेवाव्यात, आत पाणी आणि खाद्य द्यावे. बाहेर जागा धरलेल्या कोंबडीला तर सलग आठवडाभर दुपारपर्यंत कोंडावे आणि तिचा बाहेरचा खळगा उकरून मोडावा किंवा त्यावर दगड ठेवावा. नुसती अंडी उचलून जागा तशीच सोडणे म्हणजे तिला दुसऱ्या दिवसाचे आमंत्रण देणे होय.

खुराड्यात जमिनीवर पडलेले अंडे तिथेच राहू देणे ही याच चुकीची बहीण. एकीचे अंडे दिसले की दुसरी त्याच ठिकाणी बसते. सुरुवातीचे काही दिवस सकाळी दोन-तीन वेळा फेरी मारावी आणि अंधारे कोपरे विटा रचून बुजवावेत. हीच खोड पेटीत मात्र उपयोगी पडते. आमची आजी पाटीत एक अंडे मुद्दाम मागे ठेवत असे. आज लाकडाचे किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसचे अंडे ठेवणे बरे, कारण खरे अंडे उन्हाळ्यात नासते, फुटले तर कोंबड्यांना अंडी खाण्याची चटक लागते, आणि धामणीला घरचा पत्ता मिळतो.

पेटी वापरणारी कोंबडी अचानक का सोडते

पेटीची जागा बदलली का, हे आधी आठवावे. ती बदलली नसेल तर रात्री बॅटरी घेऊन फळ्यांचे सांधे पाहावेत. रक्त पिणारी बारीक लाल गोचिडी दिवसा फटीत लपते आणि अंधारात बाहेर येते. सांध्यावरून पांढरे फडके फिरवले आणि त्यावर तांबूस डाग उमटले की कारण सापडले. अंथरूण जाळून टाकावे, पेटीवर उकळते पाणी ओतून ती कडक उन्हात ठेवावी, फटी चुन्याने भराव्यात आणि कोंबड्यांवरचे औषध पशुवैद्यकाला विचारूनच वापरावे.

दुसरे कारण खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीचे. ती पेटी अडवून बसते आणि जवळ येणाऱ्या तलंगीला टोचते. तिला पाण्यात बुडवणे, नाकात पीस खुपसणे हे जुने उपाय निव्वळ छळाचे आहेत. खालून हवा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात तिला दाणा-पाण्यासह तीन-चार दिवस उजेडात ठेवले की बहुधा खुडूकपणा उतरतो.

अंडीच मिळत नसतील तर

तेव्हा पेटीला दोष देण्यात अर्थ नाही. डिसेंबरात साताऱ्याचा दिवस जेमतेम 11 तासांचा असतो, आणि अंड्यांसाठी 14 ते 16 तास उजेड चांगला. दिवा पहाटे लावावा. संध्याकाळी लावून एकदम विझवला तर कोंबड्या दांडीवर चढण्याआधीच अंधारात अडकतात. सुमारे साडेतीन टक्के कॅल्शियम असलेले, अंड्यावरच्या कोंबड्यांचे लेअर खाद्य पहिल्या अंड्याच्या सुमारास सुरू करावे. लहान तलंगांना ते आधीपासून घातल्यास मूत्रपिंडांना अपाय होतो.

फडात किंवा गवतात जुना साठा सापडलाच तर अंडी पाण्यात सोडून पाहावीत. तळाशी आडवे बसते ते ताजे, उभे राहते ते जुने, आणि तरंगते ते घराच्या आसपास न फोडता लांब नेऊन पुरावे.