अद्रकीची बिअर घरच्या घरी: विरजणापासून बाटलीपर्यंत

घरी बिअर बनवायचा छंद बाहेरच्या देशात लई जणांना असतो, ते व्हिडिओ बघून आपल्याकडच्या पोरांनाही वाटतं की आपण पण करून बघावं, त्यात संभाजीनगरला वाळूज-चिकलठाण्याकडं बिअरचे मोठमोठे कारखाने आहेत मग घरात एक छोटा ड्रम लावला तर काय बिघडतं. बिघडतं, कारण महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ नुसार लायसन नसताना दारू तयार करणं गुन्हा आहे आणि बिअर त्यातच आली. म्हणून माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव) आणि हॉप्सचं (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचं) पार्सल मागवायच्या आधी थांबा आणि हे वाचा. त्या छंदात शिकण्यासारखं जे आहे, म्हणजे यीस्ट जिवंत ठेवणं, गोडाचा गॅस होताना बघणं, बाटली बरोबर वेळेला थांबवणं, ते सगळं अद्रकीच्या बिअरमध्ये शिकायला मिळतं, आणि हातात येतं ते सरबताच्या जवळचं पेय, फेसाळ आणि झणझणीत.

जिंजर बिअर मूळची इंग्लंडची, अठराव्या शतकातली. त्यात नेमकं कोण काम करतं हे मार्शल वॉर्ड नावाच्या इंग्रज वनस्पतीशास्त्रज्ञानं १८९२ मध्ये दाखवलं, यीस्ट आणि बॅक्टेरिया एकमेकांच्या संगतीनं राहतात आणि दोघं मिळून गोड पाण्याचं हे पेय करतात. त्यानं अभ्यासलं ते पांढऱ्या दाण्यांचं विरजण वेगळं होतं, आपण करणार ते जिंजर बग, म्हणजे अद्रकीच्या सालीवर जे यीस्ट आधीपासून बसलेलं असतं तेच वाढवायचं. बाहेरून काहीच विकत आणायचं नाही.

आणि म्हणूनच अद्रक सेंद्रिय पाहिजे. मी हे फॅशन म्हणून सांगत नाही. यीस्ट ही बुरशीच्याच कुळातली, आणि अद्रकीवर कंदकूज आली की शेतकरी बुरशीनाशकाची आळवणी करतो, म्हणजे औषधाचं पाणी मुळाशी ओततो, मेटॅलॅक्झिल, मॅन्कोझेब, बेण्याला कार्बेन्डाझिम, त्याचाही नाईलाज असतो कारण कंदकूज एकदा शिरली की अख्खा प्लॉट बसतो. पण जे औषध कंदकुजीची बुरशी मारायला टाकलंय त्याचा अंश सालीवर राहिला असला तर आपलं यीस्ट तरी कसं वाढावं. वर व्यापारी माल मशीनवर जोराच्या पाण्यानं धुवून चकचकीत करतात, त्यात सालही घासली जाते. अशा अद्रकीचं विरजण चार दिवस नुसतं पडून राहतं आणि माणूस म्हणतो मला जमलं नाही.

आपलं नशीब चांगलं की कन्नड, फुलंब्री, खुलताबाद, सिल्लोड हा सगळा पट्टाच अद्रकीचा आहे. डिसेंबरपासून काढणी चालू होते, तेव्हा ओळखीच्या शेतकऱ्याकडं सरळ विचारायचं, "मामा, बिनधुतलेली दोन किलो द्याल का, आळवणी कशाची केलती?" ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला दाबणारी मित्रबुरशी) किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठाचं बायोमिक्स (उपयोगी जंतूंचं मिश्रण) वापरणारे शेतकरी आता बरेच सापडतात, तसा माल मिळाला तर डोळे झाकून घ्या. पॅकेटातली घेत असाल तर त्यावर जैविक भारतचा लोगो बघा, किंवा पीजीएस-इंडिया नाहीतर एनपीओपीचं, म्हणजे सेंद्रिय शेतीचं सरकारी योजनेतलं सर्टिफिकेट आहे का बघा. नुसतं नॅचरल छापलंय त्याला काही अर्थ नाही. घरी आणल्यावर माती साध्या पाण्याखाली हातानं चोळून काढायची, साल काढायची नाही.

गुळाचंही तसंच. पिवळाधमक गूळ दिसायला छान, पण तो रंग बऱ्याचदा हायड्रॉस पावडरनं आणलेला असतो आणि त्यातला गंधकाचा अंश यीस्टला दाबतो. गुऱ्हाळावर भेंडीच्या पाण्यानं मळी काढलेला गडद तपकिरी गूळ घ्या. फक्त एक आहे, नुसत्या काळ्या गुळाची बिअर काकवीसारखी जड लागते आणि अद्रकीची चव मागं पडते, म्हणून मी निम्मा गूळ आणि निम्मी खांडसारी (कमी शुद्ध केलेली देशी साखर) घेतो. विरजणाला मात्र पूर्ण गूळच द्या, त्यातल्या खनिजांवर यीस्ट चांगलं पोसतं.

पाण्याचं बघा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, बोअरच्या टाकीत आपण टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो, ते तसंच वापरलं तर विरजण मरतं. उकळून झाकण न लावता गार करा, काम झालं. बोअरचं पाणी जड असेल, पातेल्याला पांढरा थर धरत असेल तर जारचं पाणी घ्या, ते पण एकदा उकळा.

आता विरजण. एक लिटरची काचेची बरणी उकळत्या पाण्यातून काढून कोरडी करायची, तेलाचा हात लागू द्यायचा नाही. अर्धा लिटर गार पाणी, त्यात एक मोठा चमचा सालीसकट किसलेली अद्रक आणि एक मोठा चमचा चिरलेला गूळ. लाकडी किंवा स्टीलच्या चमच्यानं जोरात ढवळायचं, वरून मलमलचं फडकं रबरानं बांधायचं, उन्हात नाही आणि गॅसच्या शेजारी नाही अशा जागी ठेवायची. रोज त्याच वेळेला पुन्हा एक चमचा अद्रक, एक चमचा गूळ, आणि दिवसातून दोनतीनदा ढवळणं. ढवळणं चुकवू नका, वर तरंगणारा कीस कोरडा पडला की बुरशी तिथूनच धरते.

कळतं कसं? आधी पाणी गढूळ होतं, मग कडेकडेनं बारीक बुडबुडे धरतात, आणि एक दिवस चमचा घातला की कीस वर उसळतो, कान जवळ नेला तर चर्रर्र आवाज येतो. वास तिखट, जरासा आंबूस, ताज्या पावाच्या पिठासारखा यायला पाहिजे. बुडबुडे यायलेत आणि वास असा यायलाय म्हणजे विरजण तयार. दिवस मोजू नका, कारण आपल्याकडं मे महिन्यात पारा बेचाळीसला असतो तेव्हा हे दोनतीन दिवसांत होतं, दिवाळीच्या आसपास चारपाच दिवस लागतात आणि परभणीच्या थंडीत आठवडाही जातो. यीस्टला २२ ते २८ अंश सगळ्यात मानवतं. उन्हाळ्यात बरणीला ओलं पोतं गुंडाळून माठाशेजारी ठेवा, थंडीत वाकळ गुंडाळून फ्रिजच्या मागच्या कोमट बाजूला. सपाट पांढरी साय आली तर काढून टाका आणि ढवळणं वाढवा, पण केसाळ हिरवी, काळी किंवा गुलाबी बुरशी दिसली तर सगळं फेकायचं, वरवरचं काढून वापरायचं नाही. सडक्या अंड्याचा किंवा नेलपॉलिशसारखा वास आला तरी तेच.

दोन लिटर बिअरसाठी शंभर ग्रॅम अद्रक ठेचून घ्या, इथं साल असली नसली तरी चालतं. एक लिटर पाण्यात पंधरा मिनिटं उकळा, गॅस बंद करून दीडशे ग्रॅम गोड घाला, म्हणजे पाऊणशे गूळ आणि पाऊणशे खांडसारी, विरघळलं की बारीक गाळणीतून आणि मग फडक्यातून असं दोनदा गाळा कारण गुळात भुसा निघतोच. उरलेलं आधी उकळून गार केलेलं एक लिटर पाणी त्यात ओता. आता थांबायचं. पातेल्याला बाहेरून हात लावला तर गरम लागता कामा नये, पस्तीस अंशाच्या खाली यायला पाहिजे, कढत काढ्यात विरजण ओतलं तर यीस्ट जागच्या जागी मरतं आणि मग बाटली महिनाभर ठेवली तरी गॅस धरत नाही. गार झालं की तीनचार लिंबांचा रस, आणि गाळलेलं विरजण शंभर मिली. लिंबू चवीपुरतं नाही बरं का, आंबटपणामुळं नको ते जंतू वाढत नाहीत, म्हणून कमी करू नका.

बाटली कोल्ड्रिंकचीच घ्या, जाड पेट प्लास्टिकची, अर्धा किंवा पाऊण लिटरची. ती दाब सहन करायलाच बनवलेली असते. पाण्याची पातळ बाटली नको, आणि काचेची बाटली तर अजिबात नको, बंद काचेत गॅस वाढत गेला की ती फुटते आणि काचा उडतात, त्यात डोळे जाऊ शकतात. पेटमध्ये उकळतं पाणी घालू नका, आक्रसते. बाळाच्या दुधाच्या बाटल्या निर्जंतुक करायचं द्रावण मेडिकलमध्ये मिळतं, त्यानं धुवायची, उकळून गार केलेल्या पाण्यानं खळखळून घ्यायची. वर तीन बोटं जागा सोडून भरायचं, झाकण घट्ट.

पुढचं सगळं दाबून बघण्यावर आहे. भरताना बाटली मऊ असते, बोटानं सहज दबते. दुकानातली न उघडलेली कोल्ड्रिंकची बाटली जितकी कडक लागते तितकी होत आली की त्याच मिनिटाला फ्रिजमध्ये. मे महिन्यात हे बारा तासांतही होतं, त्यामुळं सकाळी भरली तर दुपारी आणि संध्याकाळी दाबून बघायचीच, रात्री झोपताना बाहेर ठेवून झोपायचं नाही. पावसाळ्यात दीडदोन दिवस, थंडीत तीनचार. बाटलीचा तळ फुगून ती डगमगायला लागली तर उशीर झालाय, झाकण अगदी थोडं थोडं फिरवत गॅस सोडा, तोंड लांब ठेवून.

इथं अल्कोहोलचं स्पष्ट बोलतो कारण बरेच जण हे झाकून ठेवतात. यीस्ट गोडाचा गॅस करतं तेव्हा जवळपास तितकंच अल्कोहोल पण करतं, एकाशिवाय दुसरं होत नाही. हिशोब असा की लिटरमागं आठ ग्रॅम साखर यीस्टनं खाल्ली की हलक्या फेसाइतका गॅस होतो आणि अल्कोहोल अर्ध्या टक्क्याच्या आसपास जातं. आपल्या खाद्य नियमांत ०.५ टक्क्यापेक्षा जास्त अल्कोहोल असलेलं पेय मद्य धरलं जातं. म्हणजे आपली हद्द ठरलेली आहे, हलका फेस आला की थांबा, जास्त झणका पाहिजे म्हणून अजून एक दिवस बाहेर ठेवू नका. लहान लेकरं, गरोदर बाया, आणि जे अजिबात घेत नाहीत त्यांना हे न सांगता देऊ नका, त्यांच्यासाठी तोच काढा विरजण न घालता गार करून सोड्यात मिसळला की झालं.

मोजायची हौस असेल तर हायड्रोमीटर घ्या, म्हणजे पेय पाण्यापेक्षा किती दाट आहे ते दाखवणारी तरंगती काचेची नळी, ऑनलाइन मिळतो. साखर खाल्ली गेली की आकडा उतरतो. विरजण घालायच्या आधी रीडिंग १.०३० च्या आसपास येतं, १.०२६ ला आलं म्हणजे साधारण अर्धा टक्का. पण हा हायड्रोमीटर बहुतेक २० अंशाला बेतलेला असतो, आणि आपल्या उन्हाळ्यात पस्तीस अंशाच्या पेयात तो सुमारे ०.००४ कमी दाखवतो, म्हणजे आपल्याला जेवढं मोजायचं तेवढीच चूक. म्हणून दोन्ही वेळेला नमुना ग्लासात काढून, फेस मोडेपर्यंत ढवळून, एकाच तापमानाला आणूनच रीडिंग घ्या. नाहीतर न घेतलेलं बरं.

फ्रिजमध्ये गेल्यावर यीस्ट मरत नाही, फक्त सुस्तावतं. आठवड्याच्या आत संपवा. लोडशेडिंगमध्ये फ्रिज पाचसहा तास बंद राहिला तर बाटल्या दाबून बघा आणि कडक लागल्या तर झाकणं सैल करून गॅस सोडा, गावाकडं तर ही सवयच लावून घ्या.

चवीचं थोडं. जालन्याची मोसंबी घालावी वाटते आणि वास खरंच भारी येतो, पण मोसंबीचा रस काही तास राहिला की कडू पडतो, त्यामुळं तो बाटलीत भरू नका. काढा उकळताना शेवटच्या दोन मिनिटांत वरची हिरवट साल पातळ काढून टाका, आतलं पांढरं येऊ न देता, आणि रस ग्लासात पिताना घाला. केशर आंब्याचा रस बाटलीत घातला तर गोड वाढून गॅस फार जोरात धरतो, नवख्यांनी तो नादच करू नये. दोन लवंगा, चारपाच मिरे चालतात. दालचिनी मला तरी पटली नाही, अद्रकीवर बसते.

विरजण जपलं तर वर्षानुवर्षं चालतं. शंभर मिली काढलं की तितकंच उकळून गार केलेलं पाणी आणि एकेक चमचा गूळ-अद्रक घालून पुन्हा चालू ठेवा, किंवा फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याला एकदा खाऊ घाला आणि लागायच्या आदल्या दिवशी बाहेर काढा. बरणीत कीस फार साचला तर निम्मा काढून टाका. काढ्यातली उकळलेली अद्रक फेकू नका, गुळाच्या पाकात घोटून वड्या होतात, नाहीतर सावलीत वाळवून चहात टाका. मित्राला द्यायचं असेल तर झाकणाला एक बारीक भोक पाडलेल्या डब्यात द्या, एसटीच्या टपावर बंद बाटली ठेवू नका.