अंतर्गत मेल सर्व्हरचे होस्टनेम आणि व्हर्च्युअल डोमेन: या चुका टाळा

पोस्टफिक्स या मेल पोहोचवणाऱ्या सॉफ्टवेअरवर अंतर्गत मेल सर्व्हर उभा करताना होणारी एक चूक मी इतक्या वेळा निस्तरली आहे की आता तिच्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे. ती म्हणजे एकच डोमेन (मेल पत्त्यातील @ नंतरचे नाव) पोस्टफिक्सच्या सेटिंगमधील मायडेस्टिनेशन आणि व्हर्च्युअल मेलबॉक्स डोमेन्स या दोन्ही याद्यांत लिहिणे. पहिल्या यादीतील डोमेनचे मेल सर्व्हरवरील युनिक्स खात्यांना, म्हणजे त्या मशीनच्या लॉगिन खात्यांना, मिळतात, तर दुसऱ्या यादीतील डोमेनच्या मेलबॉक्ससाठी अशा खात्यांची गरजच नसते. नाव दोन्हीकडे असेल, तर पोस्टफिक्स पहिल्या यादीला मान देतो.

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात नेमके हेच झाले होते. खरेदी विभागाला पाठवलेले मेल ५५० या कोडसह परत जात होते आणि सोबतच्या संदेशात 'यूझर अननोन इन लोकल रेसिपियंट टेबल' असे स्पष्ट लिहिलेले होते. सर्व्हर बसवणारा तरुण मात्र ठामपणे सांगत होता, की त्याने स्वतःला पाठवलेला चाचणीचा मेल लॉगमध्ये 'सेंट' दिसतो. तो दिसणारच, कारण त्याचे सर्व्हरवर लॉगिन खाते होते. त्याच ओळीत 'रिले' (मेल कोणाकडे सोपवला) या शब्दापुढे 'व्हर्च्युअल' नसून 'लोकल' लिहिले होते, हे त्याने पाहिले नव्हते, आणि मेल आपल्या इनबॉक्समध्ये उघडूनही पाहिला नव्हता. डोमेन दोन्ही याद्यांत लिहू नका, हा इशारा लॉगमध्ये पानोपानी होता. दुरुस्तीला दोन मिनिटे लागली. परंतु ज्यांची युनिक्स खाती होती, त्यांचे वार-मेल डिरेक्टरीत साचलेले मेल योग्य मेलबॉक्समध्ये हलवता हलवता रात्रीचे अकरा वाजले. दुसऱ्याची मेन डॉट सीएफ ही पोस्टफिक्सच्या सेटिंगची फाइल जशीच्या तशी उतरवून घेण्याच्या घाईची किंमत अशी इतरांना मोजावी लागते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

हीच चूक मागच्या दारानेही शिरते. मायहोस्टनेममध्ये, म्हणजे सर्व्हरच्या होस्टनेमच्या (मशीनच्या नावाच्या) सेटिंगमध्ये, मशीनच्या पूर्ण नावाऐवजी नुसते कंपनीचे डोमेन लिहिले, तर मायडेस्टिनेशनच्या मूळ मूल्यात मायहोस्टनेम असल्यामुळे ते डोमेन आपोआप स्थानिक ठरते. म्हणून मी मशीनला 'मेल' किंवा 'डाक' असे स्वतंत्र नाव देतो, 'होस्टनेम -एफ' ही कमांड तेच पूर्ण नाव दाखवते याची खात्री करतो, आणि मायडेस्टिनेशनमध्ये ते नाव व लोकलहोस्ट यांखेरीज काहीही ठेवत नाही. प्रत्येक बदलाआधी आणि नंतर 'पोस्टकॉन्फ -एन' या सेटिंग दाखवणाऱ्या कमांडचे आउटपुट तारखेसह जपून ठेवण्याची सवय मी कधीही मोडलेली नाही.

अंतर्गत डोमेनला 'डॉट लोकल' हा शेवट देऊ नका. २०१३ पासून तो मल्टिकास्ट डीएनएससाठी (मध्यवर्ती सर्व्हरशिवाय जवळची उपकरणे नावाने शोधण्याच्या पद्धतीसाठी) राखीव आहे आणि कार्यालयातील मॅक संगणक त्यावरून हमखास अडखळतात. कंपनीच्या स्वतःच्या नोंदणीकृत डोमेनचे सबडोमेन हा माझ्या मते सर्वांत निर्धोक पर्याय आहे. होस्टनेममध्ये अंडरस्कोर चालत नाही. एमएक्स नोंदीत (डोमेनचे मेल कोणत्या सर्व्हरकडे जावेत हे सांगणाऱ्या डीएनएस नोंदीत) आयपी पत्ता लिहू नये, होस्टचे नाव लिहावे, आणि ते नाव सीनेम नोंदीकडे (दुसऱ्या नावाच्या टोपणनावाकडे) वळणारे नसावे.

व्हर्च्युअल मेलबॉक्सची यादी असलेली हॅश प्रकारची फाइल बदलल्यावर, तिचा डेटाबेस नव्याने बनवणारी 'पोस्टमॅप' ही कमांड चालवावीच लागते. ते न करता सेवा कितीही वेळा रीस्टार्ट केली, तरी पोस्टफिक्स जुनीच नोंद वाचत राहतो.