ब्राउझरमधून व्हीएमचा कन्सोल उघडताय? या चुका टाळा

रात्री साडेअकराला रिमोट व्हीएमवर (दुसऱ्या मशीनच्या आत चालणाऱ्या आभासी मशीनवर) फायरवॉलचा एक नियम बदलला, एंटर मारला आणि एसएसएच, म्हणजे दुरून कमांड द्यायची जोडणी, जागच्या जागी थिजलं. ज्यांच्यासोबत हे झालंय त्यांना कन्सोलची, म्हणजे नेटवर्क तुटलं तरी मशीनची स्क्रीन आणि कीबोर्ड हातात देणाऱ्या वाटेची, किंमत वेगळी सांगायला नको. माझ्यासोबत झालंय. व्हीएम चालू, ती चालवणारं मूळ मशीन म्हणजे होस्ट चालू, पण आत जायला वाट नाही, आणि अशाच वेळेसाठी कित्येक महिन्यांपूर्वी लावून ठेवलेला नोव्हीएनसीचा (व्हीएमची स्क्रीन ब्राउझरमध्ये दाखवणाऱ्या प्रोग्रामचा) कन्सोल ब्राउझरमध्ये उघडला तर नुसती काळी स्क्रीन. लावला त्या दिवशी एकदा उघडला होता, पान दिसलं, "कनेक्टेड" लिहून आलं, म्हटलं झालं काम. लॉगिन करून बघितलंच नव्हतं. तहान लागल्यावर विहीर खणायची म्हणतात ना, तसली वेळ.

त्या रात्रीचं पुढे सांगतोच, पण आधी हा रस्ता कसा जातो ते बघू, कारण तो माहीत नसला की माणूस चुकीच्या जागी तासन् तास शोधत बसतो. केव्हीएमवर (लिनक्समधली व्हीएम चालवायची सोय) व्हीएमची स्क्रीन क्यूईएमयू (व्हीएम चालवणारा प्रोग्राम) स्वतःच व्हीएनसीने (स्क्रीन नेटवर्कवरून दाखवायची पद्धत) बाहेर देतं, पहिला डिस्प्ले ५९०० पोर्टवर, दुसरा ५९०१ वर, असं पुढे. ब्राउझरला मात्र थेट साधं टीसीपी कनेक्शन उघडता येत नाही, त्याला वेबसॉकेट (ब्राउझरची सतत उघडी राहणारी जोडणी) लागतं, म्हणून मध्ये वेबसॉकिफाय नावाचा छोटा प्रोग्राम बसतो जो एका बाजूने वेबसॉकेट घेतो आणि दुसऱ्या बाजूने व्हीएनसीला टीसीपी देतो, साधारण ६०८० पोर्टवर. त्याच्यापुढे बहुतेक लोक एनजिनएक्स (आलेल्या रिक्वेस्ट पुढे पाठवणारा वेब सर्व्हर) लावतात. म्हणजे ब्राउझर, एनजिनएक्स, वेबसॉकिफाय, क्यूईएमयू आणि मग व्हीएमच्या आतली ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे गेस्ट ओएस, असे पाच टप्पे झाले, आणि पाचपैकी कुठेही बिघडलं तरी तुम्हाला दिसतं एकच, कन्सोल चालत नाही.

त्यामुळे पहिली चूक म्हणजे ब्राउझरकडून शोधायला सुरुवात करणं. उलटं करा, होस्टवरून सुरू करा. होस्टवर लोकलहोस्टच्या (त्याच मशीनच्या) ५९०० ला नेटकॅट या कमांडने जोडा, व्हीएनसी जिवंत असेल तर तुम्ही काही टाइप करायच्या आधीच समोरून "आरएफबी ००३.००८" अशी ओळ येते, कारण आरएफबी या व्हीएनसीच्या प्रोटोकॉलमध्ये सर्व्हरच आधी बोलतो. ओळ आली की क्यूईएमयू ठीक आहे, पुढे चला. मग ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क टॅबला वेबसॉकेटची रिक्वेस्ट बघा, १०१ (जोडणी मान्य) आलं तर वेबसॉकिफायपर्यंतचा रस्ता मोकळा. ४०० (चुकीची रिक्वेस्ट) आलं किंवा नोव्हीएनसीच्या लॉगमध्ये १००६ (अचानक तुटलं) कोड घेऊन कनेक्शन बंद झालं, तर बिघाड मधल्या टप्प्यांत आहे. एवढ्या दोन तपासण्यांत बऱ्याचदा अर्धं काम होतं.

एनजिनएक्सच्या दोन गोष्टी

पहिली, अपग्रेड आणि कनेक्शन हे दोन हेडर पुढे पाठवायचे असतात आणि प्रॉक्सीसाठी एचटीटीपी १.१ लिहायचं असतं, नाहीतर वेबसॉकेटचा हँडशेकच होत नाही. हे बहुतेकांना माहीत असतं. दुसरी गोष्ट राहून जाते, ती म्हणजे रीड टाइमआउट. एनजिनएक्समध्ये तो मुळात ६० सेकंद असतो आणि मागून ६० सेकंद काहीच डेटा आला नाही की कनेक्शन तोडतो. आता कन्सोलवर लॉगिन प्रॉम्प्ट येऊन स्क्रीन शांत बसली तर डेटा येणार कुठून? मग तक्रार येते की कन्सोल दर मिनिटाला तुटतो, आणि लोक व्हीएमचं नेटवर्क तपासत बसतात ज्याचा इथे काही संबंधच नाही. टाइमआउट तासाभराचा करा, किंवा वेबसॉकिफायला हार्टबीटचा पर्याय आहे, ३० सेकंदांचा दिला की तो मध्ये मध्ये पिंग टाकत राहतो.

सर्टिफिकेटचं पण इथेच सांगतो. पान एचटीटीपीएसवर असेल तर ब्राउझर साधं वेबसॉकेट उघडू देत नाही, सुरक्षितच लागतं. आणि सेल्फ साइन्ड, म्हणजे आपणच सही केलेलं, सर्टिफिकेट असेल, वेबसॉकेट वेगळ्या पोर्टवर असेल, तर ब्राउझर इशाऱ्याचं पान न दाखवता गुपचूप नकार देतो. तात्पुरता उपाय म्हणजे त्या पोर्टचा पत्ता एचटीटीपीएसने वेगळ्या टॅबमध्ये उघडायचा, सर्टिफिकेट मान्य करायचं आणि मग परत यायचं. कायमचा उपाय म्हणजे नीट सर्टिफिकेट घ्या, लेट्स एनक्रिप्ट फुकट देतं.

व्हीएनसी जगासमोर उघडं टाकू नका

ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते, आणि ती होते फक्त घाईमुळे. कन्सोल जोडत नाही, कुठेतरी वाचलं की लिसन ०.०.०.० (सगळ्या पत्त्यांवर ऐक) करा, केलं, चाललं, आणि तसंच राहिलं. लिबव्हर्ट (व्हीएम सांभाळणारं सॉफ्टवेअर) मुळात १२७.०.०.१ वरच, म्हणजे त्याच मशीनपुरतं, ऐकतं आणि ते मुद्दाम तसं ठेवलेलं आहे. वेबसॉकिफाय त्याच होस्टवर असेल तर बाहेर ऐकायची काही गरजच नाही. लोक म्हणतात पासवर्ड लावलाय की, पण व्हीएनसीचा नेहमीचा पासवर्ड पहिल्या ८ अक्षरांपर्यंतच मोजला जातो, तुम्ही वीस अक्षरांचा ठेवा नाहीतर तीसचा, पुढचं सगळं वाया. त्यात मागे जुनं डीईएस एनक्रिप्शन आहे आणि पासवर्ड तपासून झाल्यावर स्क्रीन आणि कीस्ट्रोक उघडेच जातात, म्हणजे तुम्ही कन्सोलवर टाइप केलेला रूटचा पासवर्डसुद्धा. आणि हा कन्सोल म्हणजे मशीनसमोर कीबोर्ड घेऊन बसल्यासारखंच आहे, ज्याच्या हातात तो आला तो कंट्रोल ऑल्ट डिलीट मारून मशीन रीबूट करू शकतो, ग्रबमध्ये, म्हणजे बूटच्या मेनूत, शिरू शकतो.

तुम्ही एकटेच वापरणार असाल तर एनजिनएक्सही नको, एसएसएच टनेल पुरे. ६०८० पोर्ट आपल्या लॅपटॉपच्या लोकलहोस्टवर आणा आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट उघडा. याचा अजून एक फायदा आहे, नोव्हीएनसीच्या नव्या आवृत्त्या सुरक्षित पानाशिवाय चालवल्या तर इशारा देतात, पण लोकलहोस्टला ब्राउझर सुरक्षितच मानतो.

भलत्याच व्हीएमचा कन्सोल

लिबव्हर्टमध्ये ऑटोपोर्ट चालू असतो, म्हणजे जी व्हीएम आधी सुरू होईल तिला ५९००, नंतरचीला ५९०१. तुम्ही वेबसॉकिफायमध्ये "५९०१ म्हणजे डेटाबेसवाली" असं पक्कं लिहून ठेवलं आणि होस्ट रीबूट झाला की क्रम बदलू शकतो. मग डेटाबेसच्या नावाने दुसरंच मशीन उघडतं, दोन्हीकडे सारखाच लॉगिन प्रॉम्प्ट, आणि तुम्ही रीबूट मारता भलत्याच मशीनला. एकतर प्रत्येक व्हीएमला पोर्ट ठरवून द्या, नाहीतर टोकन फाइल (कोणतं नाव कोणत्या पोर्टला जातं त्याची यादी) वापरा आणि ती दर वेळी व्हर्शच्या (लिबव्हर्टचं कमांडचं साधन) व्हीएनसीडिस्प्ले कमांडवरून नव्याने बनवा. आणि गेस्टचं होस्टनेम लॉगिन प्रॉम्प्टवर दिसेल असं ठेवा, फुकटची सोय आहे.

प्रॉक्समॉक्स (व्हीएम सांभाळायची तयार प्रणाली) वापरत असाल तर हे सगळं तोच सांभाळतो, ८००६ वर लॉगिन करा, कन्सोल दाबा, झालं. तिथली नेहमीची अडचण क्लस्टरमध्ये, म्हणजे अनेक होस्ट (नोड) एकत्र जोडलेले असताना, येते, एका नोडवर लॉगिन आणि व्हीएम दुसऱ्या नोडवर, मग मधला रस्ता एसएसएचने जातो आणि नोड नव्याने बसवला असेल तर होस्ट की जुळत नाही म्हणून कन्सोल पडतो. प्रॉक्समॉक्सच्या पीव्हीईसीएमची अपडेटसर्ट्स कमांड चालवून बघा.

माऊस, कीबोर्ड

माऊसचे दोन कर्सर दिसत असतील आणि एक दुसऱ्याच्या मागे पळत असेल तर व्हीएमला यूएसबी टॅबलेट डिव्हाइस जोडा, बाकी काही करू नका. कीबोर्डवर चिन्हं उलटसुलट येत असतील तर लिबव्हर्टच्या एक्सएमएलमध्ये कोणीतरी कीमॅप (कीबोर्डचा लेआउट) लिहिलाय का बघा आणि काढून टाका, तो नसला की नोव्हीएनसी आणि क्यूईएमयू थेट कळांचे कोड देतात घेतात आणि लेआउट गेस्टवर सोडतात. आपल्याकडची एक खास गोष्ट, लॅपटॉपवर मराठी फोनेटिक इनपुट चालू असेल तर आधी इंग्लिशवर या, पासवर्डच्या जागी अक्षरं दिसत नाहीत त्यामुळे चुकतंय हे कळतच नाही. आणि कंट्रोल डब्ल्यू दाबलं की ब्राउझरचा टॅबच बंद होतो, नॅनो एडिटरमध्ये त्याच कळांनी शोधायची सवय असलेल्यांनी जपून.

काळी स्क्रीन

आता त्या रात्रीकडे. रस्त्याचे सगळे टप्पे ठीक होते, आरएफबीची ओळ येत होती, १०१ येत होता, तरी काळं. व्हीएम क्लाउड इमेजवरून (क्लाउडसाठी तयार मिळणारी ओएसची फाइल) बनवलेली होती आणि तिच्या कर्नलचा कन्सोल फक्त सीरियल पोर्टवर, टीटीवायएस० वर वळवलेला होता, व्हीजीएवर, म्हणजे नोव्हीएनसी दाखवतं त्या स्क्रीनवर, काही लिहिलंच जात नव्हतं. अशा वेळी नोव्हीएनसीच्या मागे लागण्यात अर्थ नाही. होस्टवर व्हर्श कन्सोल चालवलं, एकदा एंटर मारला, आणि लॉगिन प्रॉम्प्ट समोर. बाहेर पडायला कंट्रोल आणि उजवा चौकोनी कंस, हे आधीच लक्षात ठेवा. प्रॉक्समॉक्समध्ये याच कामासाठी एक्सटर्म जेएसचा कन्सोल आहे, व्हीएमला सीरियल पोर्ट जोडला की तो चालतो, आणि त्यात कॉपी पेस्टही नीट होतं. दोन्ही हवे असतील तर कर्नलच्या ओळीत टीटीवाय० (स्क्रीन) आणि टीटीवायएस० (सीरियल) दोन्ही लिहा, पण बूटचे सर्व्हिसवाले मेसेज शेवटी लिहिलेल्या कन्सोलवरच जातात हे ध्यानात असू द्या.

प्रॉम्प्ट आला पण पासवर्ड कुठे होता? क्लाउड इमेजमध्ये युजरला फक्त एसएसएच की असते, पासवर्ड कुलूपबंद. म्हणजे कन्सोल उघडला तरी आत जाता येत नाही, आणि ही चूक मी नंतर बऱ्याच जणांच्या सेटअपमध्ये पाहिली. मला वाचवलं क्यूईएमयू गेस्ट एजंटने (व्हीएमच्या आत चालणारा मदतनीस प्रोग्राम), तो आत बसवलेला होता आणि तो नेटवर्कवरून नाही तर व्हर्टिओ सीरियल या होस्ट आणि गेस्टमधल्या जोडणीवरून बोलतो, त्यामुळे फायरवॉलचा त्याला काही फरक पडत नव्हता. होस्टवरून व्हर्शच्या सेट युजर पासवर्ड कमांडने नवा पासवर्ड टाकला, लॉगिन केलं, तो नियम काढला, आणि बाजूच्या खिडकीत अडकलेलं एसएसएच आपोआप परत हलायला लागलं.