कोकणातून बंद पडलेली जुनी गाडी लांब पाठवताय? या चुका टाळा

गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंत अजून कितीतरी घरांच्या पडवीत नाहीतर मांगरात आजोबांची फियाट किंवा अॅम्बॅसेडर उभी आहे. कधी पुण्याचा किंवा बंगळुरूचा हौशी माणूस ती विकत घेतो, कधी घरातलाच नातू नीट करून घ्यायचं मनावर घेतो. मग सगळे बॉनेट उघडून इंजिनाभोवती जमतात. गाडी न्यायची कशी, हे ठरवताना मात्र इंजिन सगळ्यात शेवटी येतं. त्याआधी तीन गोष्टी कळायला हव्यात: चाकं फिरतात का, स्टिअरिंग वळतं का, ब्रेक लागतो का. या तिन्हींची उत्तरं हातात नसताना ट्रक बोलावला, की पुढचे बहुतेक घोटाळे तिथूनच सुरू होतात.

फोनवर फक्त ‘गाडी बंद आहे’ सांगणं

बॅटरी उतरलेली गाडी बंदच असते आणि चारही चाकं जॅम झालेली गाडीही बंदच असते. पहिलीला ढकलायला दोन माणसं पुरतात, दुसरीला विंच (दोर गुंडाळत ओढणारं यंत्र), स्केट (अडकलेल्या चाकाखाली सरकवायची छोटी चाकांची पाटी) आणि अर्धा दिवस लागतो. ट्रान्सपोर्टर पहिली धरून भाव सांगतो आणि दारात येऊन दुसरी बघतो. मग एकतर भाडं वाढतं, नाहीतर तो चिडून गाडी फरफटत वर ओढतो. दुसरं फार वाईट. म्हणून बुकिंगच्या आधी ढकलण्याचा व्हिडिओ काढून पाठवा. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून दाखवा, चारही टायर दाखवा, गाडीखालचा एखादा फोटो द्या. ब्रेक लागत नसेल तर तसं लिहूनच कळवा, कारण रॅम्पवर ब्रेक नसलेली गाडी मागे घरंगळली तर माणूस खाली सापडतो.

चाकं न सोडवता ओढणं

आपल्याकडची खारी, दमट हवा हे याचं मूळ कारण. ब्रेक शू ड्रमला चिकटून बसतात, हँडब्रेकची केबल आत गंजते. आधी गिअर खरंच न्यूट्रलमध्ये आहे का ते खाली वाकून बघा. फियाटचा गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी असतो. जुन्या गाड्यांत तो न्यूट्रलला दिसतो आणि सांधे झिजल्यामुळे गिअर मात्र पडलेलाच असतो. न्यूट्रल असूनही चाक हलत नसेल तर ते उचला, ब्रेकचा अॅडजस्टर सैल करा आणि ड्रमवर लाकडी हातोडीने चौफेर ठोका. तरीही हटत नसेल तर ब्लीडिंगचा निपल (ब्रेक ऑइल बाहेर काढायचा छोटा स्क्रू) थोडा उघडून बघा. ऑइल पिचकारलं आणि चाक सुटलं, तर ब्रेकचा रबरी होज आतून फुगून दाब अडकलाय असं समजा. हे काम गावातला जुना मेकॅनिक सहज करतो.

जॅक लावताना मात्र जपा. फियाट आणि अॅम्बॅसेडरला जीपसारखी वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही, बॉडीच सगळा भार घेते. खालचा पत्रा आणि दाराखालची पट्टी गंजलेली असेल तर जॅक सरळ आत घुसतो. मधे जाड फळी घ्या, आणि गाडी फक्त जॅकवर असताना कुणालाही खाली जाऊ देऊ नका. विंचचा हूक बंपरला लावू देऊ नका. फियाटचा बंपर ओढ सहन करत नाही, आणि जुना क्रोमचा बंपर पुन्हा मिळवणं किती कठीण आहे ते हौशी माणसाला सांगायला नको. पट्टा पुढच्या सस्पेन्शनच्या मजबूत भागाला, दोन्ही बाजूंनी सारखा बांधून ओढ सरळ ठेवा.

टायर विरलेले असतील तर तेवढ्या कामापुरती उसनी चाकं आणा. फियाटला १४ इंची रिम लागते, अॅम्बॅसेडरला १५ इंची. बोल्टची भोकं जुळतात का ते आधी बघा. हवा भरून रात्रभर ठेवली आणि सकाळी टिकलेली असली, तरच त्या टायरवर भरवसा ठेवा.

दारापासून हायवेपर्यंतचा रस्ता न मोजणं

माझ्या मते कोकणात सगळ्यात जास्त नुकसान याच टप्प्यावर होतं. सहा-आठ गाड्या वाहणारा कॅरियर वाडीत येतच नाही. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, वर लोंबणाऱ्या विजेच्या तारा, पुढे उतारावरचं काटकोनी वळण. फियाट सुमारे ३.९ मीटर लांब आणि दीड मीटरच्या आत रुंद असते, वजन ९०० किलोच्या आसपास. अॅम्बॅसेडर सुमारे ४.३ मीटर लांब आणि ११०० किलोच्या पुढे. गाडी बाहेर निघेल, पण तिला न्यायला येणारा फ्लॅटबेड (सपाट पाठीचा ट्रक) आत शिरेल का? टेप घेऊन रस्ता जिथे सगळ्यात चिंचोळा आहे तिथे मोजा आणि तो आकडा फ्लॅटबेडवाल्याला कळवा.

म्हणजे वाहतूक दोन टप्प्यांची धरा: घरापासून हायवेपर्यंत छोटा फ्लॅटबेड, पुढे मोठा कॅरियर. हातखंबा, लांजा, कणकवली, सावंतवाडी अशा ठिकाणी गाडी एकातून दुसऱ्यात चढवायची तर सपाट, कडक जमिनीची जागा आदल्या दिवशी बघून ठेवा. तिथे गेल्यावर ‘हायड्राने (फिरत्या क्रेनने) उचलू, पाच मिनिटांचं काम’ असं कुणी म्हणालं तर ठाम नाही म्हणा. बॉडीखालून साखळी घालून उचललेली गंजकी गाडी मधोमध वाकते, मग दारं लागत नाहीत आणि काचेला तडा जातो. उचलण्यावाचून इलाजच नसेल तर चाकांना जाळीचे पट्टे आणि वर आडवा बीम हवा. हे दोन्ही नसेल तर त्या दिवशी काम थांबवलेलं परवडतं.

घाटाचा विचार न करता बांधणं

चिपळूणहून कराडला कुंभार्ली, रत्नागिरीहून कोल्हापूरला आंबा, वैभववाडीहून करूळ, सावंतवाडीहून आंबोली. देशावर जायचं तर घाट चुकत नाही. चढणीला गाडीचं वजन मागे येतं आणि वळणावर आडवं फेकलं जातं. बॉडीला बांधलं तर स्प्रिंग दबले-उठले की पट्टे सैल पडतात. म्हणून चारही चाकांवरून टायरला वेगवेगळे पट्टे आणि प्रत्येक चाकाला लाकडी ठोकळा, असंच बांधून घ्या. पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरनंतर आणि पुन्हा घाटाच्या पायथ्याशी पट्टे ताणायला ड्रायव्हरला सांगा. हँडब्रेक करकचून ओढू नका, उतरवताना पुन्हा जॅम होईल. उघड्या ट्रकवर ताडपत्रीही नको. वाऱ्याने फडफडून ती रंग घासून काढते. बॉनेट आणि डिकी दोरीने बांधणं पुरे.

पावसाळ्यात हे काम काढूच नका. जमीन भुसभुशीत असते, दरडी कोसळतात, आणि गणपतीच्या दिवसांत मुंबई-गोवा हायवेवर अवजड वाहनांना बहुतेक वर्षी बंदी असते. मार्चपासून ट्रक आंब्याच्या मागे लागतात. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ उत्तम. कोकण रेल्वेची कोलाड-वेर्णा रोरो सेवा, म्हणजे वाहनं वॅगनवर चढवून नेणं, ट्रकांसाठी १९९९ पासून आहे. २०२५ च्या गणपतीत ती खासगी गाड्यांसाठीही सुरू झाली, पण तिथे गाडी स्वतःच्या चाकांवर चालवत वॅगनवर चढवायची असते. बंद गाडीचं तिथे काम नाही.

हलवण्याच्या आदल्या दिवशी भर उजेडात गाडी आतून काठीने तपासा. सीटखाली आणि चाकाच्या खोबणीत फुरसं (विषारी साप) बसलेलं असू शकतं. टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, बॅटरी सोडवा. हबकॅप, बॅज, आरसे काढून वेगळे पाठवा. डिकीत घरचं सामान, नारळ, आंब्याच्या पेट्या भरू नका.

कागद आणि विमा शेवटी बघणं

आरसी आजोबांच्या नावावर आणि आजोबा गेलेले, हे आपल्याकडे नेहमीचंच. वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१ असतो, आरसी हरवली असेल तर फॉर्म २६. कायमची दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर आधी आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), म्हणजे फॉर्म २८. गाडी गेल्यावर ही कामं दुप्पट त्रासाची होतात. आरसीची प्रत, खरेदी करार आणि मालकाच्या ओळखपत्राची प्रत ड्रायव्हरकडे द्या. इंजिन व चासी नंबरचे फोटो स्वतःकडे ठेवा.

विम्याबाबत लोक फार गाफील असतात. स्वतःच्या नुकसानीची पॉलिसी चालू असेल तर रस्ता किंवा रेल्वेने वाहून नेतानाची हानी तिच्यात धरलेली असते. पण वर्षानुवर्षं उभ्या गाडीची पॉलिसी चालू असतेच कुठे? मग उरते वाहतूकदाराची जबाबदारी. २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्याखालच्या नियमांत ती भाड्याच्या दहापट इतकीच आहे, तुम्ही जास्त किंमत आधी लिहून जाहीर केली नसेल तर. भाडं १८,००० असेल तर मर्यादा १,८०,०००. नीट केलेल्या फियाटच्या मानाने ती कमी पडू शकते. किंमत बिल्टीवर (वाहतूकदाराच्या मालाच्या पावतीवर) लिहून घ्या, त्यासाठी भाडं थोडं जास्त पडलं तरी. नाहीतर ट्रान्झिट विमा वेगळा काढा. सगळे पैसे आगाऊ देऊ नका. दलालाशी बोलत असाल तर प्रत्यक्ष ट्रकचा नंबर आणि ड्रायव्हरचा फोन घेतल्याशिवाय गाडी दाराबाहेर काढू नका.

गाडी पोचली की उतरवण्याआधी, ट्रकवर असतानाच चारही बाजूंचे फोटो काढायला सांगा. नवीन पोचा किंवा तडा दिसला तर पोच सही करण्यापूर्वी बिल्टीवरच नोंद करा. अंधारात पोचली असेल तर टॉर्चच्या उजेडात बघा, पण न बघता सही नको. नुकसानीचा दावा करायचा असेल तर वाहतूकदाराला लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत जावी लागते. हे दिवस पोचल्याच्या तारखेपासून मोजायचे नसतात.