मुहूर्तापासून उलटं मोजत ये: लग्नाच्या फुलांच्या डेकोरेशनची तयारी (भाचीच्या पहिल्या ऑर्डरसाठी)

मुहूर्त 12 वाजून 36 मिनिटांचा ना, मग वहीत आधी तो लिही आणि तिथून उलटं मोजत ये. 12.36 ला अक्षता, त्याच्या आधी नवरी गौरीहर पूजायला बसणार, त्याच्या आधी नाश्ता, आणि फोटोवाला तर आठपासूनच कॅमेरा घेऊन फिरत असतो, त्याला अर्धवट स्टेज चालत नाही. म्हणजे तुझं काम साडेसातला संपलं पाहिजे. आता कार्यालयात फोन कर आणि विचार की आदल्या रात्री त्याच हॉलमध्ये रिसेप्शन आहे का, मे महिना आहे म्हणजे असणारच, ते संपणार साडेदहाला, त्यांचे लोक सामान काढणार साडेअकरापर्यंत, उरले आठ तास आणि तेही सगळे डोळ्यावर झोप असताना. आठ तासात जे तिथे उभं राहू शकत नाही ते घरून तयार होऊन गेलं पाहिजे, एवढं कळलं की अर्धी यादी आपोआप होते बघ.

मोजमापाला स्वतः जा, फोटो मागवू नकोस. टेप घेऊन स्टेजची रुंदी, खोली, छताची उंची तर घ्यायचीच पण त्याच्याआधी दाराची घे. मी एकदा सात फुटी कमान घरी मस्त बांधून नेली आणि हॉलचं दार निघालं साडेसहा फूट, रात्री एक वाजता पार्किंगमध्ये बसून ती कापली आणि परत जोडली, तेव्हापासून काहीही चार फुटांच्या तुकड्यातच बांधते आणि जागेवर नटबोल्टने जोडते. लिफ्ट केवढी आहे, टेम्पो कुठपर्यंत येतो, भिंतीला खिळा चालतो का (बहुतेक ठिकाणी चालत नाही, डिपॉझिट कापतात), पाण्याचा नळ कुठे, एसीचा झोत कुठे पडतो, होम कुठे पेटणार हे सगळं लिहून आण. होम फार महत्त्वाचा, त्याच्या बरोबर वर फुलांचं झुंबर लटकवलंस तर तासाभरात धुराने आणि उष्णतेने त्याचा पालापाचोळा होतो, आणि वाळलेला पाला आणि आग याबद्दल मी वेगळं काय सांगू.

मग हिशोब. पार्टी मोबाईलवर फोटो दाखवेल, सगळी भिंत गुलाबांची, नाहीतर ते पिओनी, जे थंड देशातलं फूल आहे आणि आपल्याकडे मिळालंच तर परदेशातून आलेलं, म्हणजे किंमत ऐकून काका खुर्चीत बसतात. तू कागदावर गणित करून दाखव. आठ बाय दहाचं पॅनल म्हणजे 80 चौरस फूट, उमललेला डच गुलाब साधारण तीन इंच, म्हणजे एका चौरस फुटात चार चोक सोळा, एकूण 1280 गुलाब, गड्डी 20 ची असते म्हणजे 64 गड्ड्या, एका पॅनलला! वर तुटफूट म्हणून दहा टक्के जादा. मग पार्टी आपणच म्हणते काहीतरी मधलं सांगा. मधलं म्हणजे मागे हिरवा पाला गच्च, एरिका पामची पानं, ड्रेसिना, कामिनी, आणि गुलाब फक्त डोळ्याच्या उंचीला आणि वधूवरांच्या मागे जिथे फोटोची चौकट येते तिथे, वीस-बावीस गड्ड्यांत भागतं. माळांचं गणित डोक्याने करू नकोस, बाजारातून एक किलो झेंडू आण, फुलं मोज, एक मीटर माळ ओव, किती फुलं लागली ते मोज आणि घड्याळ लावून किती मिनिटं लागली तेही बघ. माणसं किती लागणार ते यावरूनच ठरतं, अंदाजावर सोडलंस तर पहाटे पाचला तू आणि तुझी आई माळा ओवत बसणार. गजरेवाल्या मावशींना आधीच सांगून ठेव, त्यांच्या हाताचा वेग आपल्याला या जन्मात जमायचा नाही.

फूल निवडताना महिना बघ. शेवंती थंडीचं फूल, मेमध्ये कमी येते, महाग असते आणि बऱ्याचदा मरगळलेली असते, उगाच तिच्यावर डिझाइन बसवू नकोस. उन्हाळ्यात आपला आधार म्हणजे झेंडू, गुलछडी आणि मोगरा. ऑर्किड बरंचसं थायलंडचं असतं, ते उकाड्यात गुलाबापेक्षा चांगलं टिकतं, वर लटकवायचं असेल तर तेच घे. पुण्यात गुलटेकडीला मार्केट यार्डात ज्याच्याकडून नेहमी घेतो त्याला पंधरा दिवस आधी आकडा सांगून ठेव आणि चार दिवस आधी परत फोन कर, त्याच तारखेला अजून पन्नास लग्नं असतात हे विसरू नकोस. जाताना पहाटेच जा. गड्डी हातात घेतली की वरची फुलं बघायची नाहीत, मधली आणि खालची बघायची, देठ काळा आहे का, मान मऊ आहे का. झेंडूची पिशवी जड लागली तर खुश होऊ नकोस, त्यावर पाणी मारलेलं असतं, तू पाण्याचे पैसे देतेस आणि संध्याकाळपर्यंत तो आतून काळा पडतो. झेंडू घरी आणला की पसरून ठेव, सावलीत, कोरडा.

बाकी काडीची फुलं मात्र आल्या आल्या पाण्यात. बादल्या आदल्या दिवशी साबणाने घासून ठेव, घाणेरड्या बादलीत फूल मरतं कारण पाण्यातला बुरशी-जंतूंचा चिकटा देठाच्या नळ्या बंद करतो. प्रत्येक देठ खालून इंचभर तिरका काप, धारदार सुरीने, बोथट कात्रीने देठ चेपतो. पाण्याखाली जाणारी पानं काढून टाक आणि कमीत कमी चार तास सावलीत पिऊ दे, मगच कामाला घे. जरबेऱ्याला पाणी थोडंच, त्याचा देठ केसाळ आणि मऊ, जास्त पाण्यात सडतो आणि मान टाकतो. लिलियम दोन-तीन दिवस आधी बंद कळीचं आण नाहीतर मुहूर्ताला त्या हिरव्या शेंगांसारख्या उभ्या राहतील, आणि उमलली की आतले परागकोश चिमटीने काढ, शालूवर तो केशरी डाग पडला तर जात नाही. मोगऱ्याचं उलटं, तो संध्याकाळी उमलतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पिवळट पडतो, तेव्हा 12.36 चा मोगरा त्याच दिवशी पहाटे कळीचा यायला हवा, ओल्या फडक्यात गुंडाळून.

आता आंबा. हसू नकोस. एका लग्नात मी कार्नेशनच्या बादल्या कोठीच्या खोलीत ठेवल्या, गार होती म्हणून, आणि तिथेच आमरसासाठी पिकलेल्या हापूसच्या पेट्या रचलेल्या. सकाळी बघते तर निम्मी कार्नेशन मिटून सुरकुतलेली, झोपल्यासारखी. पिकणाऱ्या फळातून इथिलीन नावाचा वायू निघतो आणि कार्नेशनला तो अजिबात सहन होत नाही, हे मला नंतर कळलं, पैसे गेल्यावर. चूक माझीच होती. तेव्हा फुलं कुठे ठेवायची ती खोली आधी ठरव आणि तिथे आंबे, केळी काही येणार नाही हे आचाऱ्याला सांग.

फुलं खोचायची फोमची वीट लागणार असेल तर ती पाण्यावर नुसती ठेव, आपोआप बुडू दे. सगळे घाईत हाताने दाबतात आणि मग वरून ओली दिसते पण आत कोरडी राहते, त्यात खोचलेलं फूल दोन तासात माना टाकतं. एकदा खोचलेली काडी काढून त्याच भोकात परत घालू नकोस. भिजलेली वीट जवळजवळ दोन किलोची होते, दहा विटा कमानीवर म्हणजे वीस किलो, हे वजन बांबू आणि सुतळी पेलणार का याचा विचार घरीच कर. खरं सांगू का, मी हल्ली फोम कमी केलाय, तो कुजत नाही आणि भुगा होऊन नाल्यात जातो, त्याऐवजी कोंबडी जाळीचा गोळा करून आत पाण्याची भांडी ठेवते किंवा देठाला पाण्याच्या छोट्या नळ्या लावते. थर्माकोलचा तर विषयच नको, 2018 च्या प्लास्टिकबंदीत सजावटीचं थर्माकोलही बंद झालं.

रात्रीचा क्रम असा की आधी सांगाडा आणि तो हलवून बघायचा, दोघांनी धरून जोरात, मग कापड, मग लाइट, लाइट पेटवून बघायचे आणि वायरी ओल्यापासून लांब, मग पाला, आणि हे सगळं झाल्याशिवाय फुलांची बादली हॉलमध्ये आणायचीच नाही. फुलांत आधी ऑर्किड आणि अँथुरियम, मग गुलाब, शेवटी गुलछडी आणि मोगरा. पिवळे हॅलोजन जवळ लावू देऊ नकोस, एलईडीच सांग. लॉनवर प्रवेशद्वार असेल तर पायाला वाळूच्या गोण्या बांध, मेमध्ये दुपारी वळवाचा वारा कधी सुटेल सांगता येत नाही. चालायच्या वाटेवर पाकळ्या टाकायच्या असतील तर कडेला टाक, ओली पाकळी गुळगुळीत फरशीवर म्हणजे आजीबाईंचा पाय गेलाच.

काढायला कोण येणार तेही आजच ठरव. तारा, टाय, नायलॉनचा दोरा वेगळा आणि फुलं वेगळी, तरच खत करणारे घेतात, म्हणून माळा शक्यतो सुती दोऱ्यातच ओव. पिशवीत दोन कात्र्या, सुरी, पक्कड, बाइंडिंग वायर, केबल टाय, मोठ्या सुया, स्प्रेची बाटली, बँडएड, पन्नासेक जादा गुलाब (कोणीतरी नातेवाईक येता-जाता तोडतोच) आणि स्वतःसाठी डबा. डबा खरंच ने, रात्रभर राबल्यावर पहिली पंगत बसेपर्यंत डेकोरेशनवालीला कोणी साधा चहा विचारत नाही.